स्त्रीप्रतिमेचे वस्तूकरण, विरोधी मोहीम

जाहिराती, चित्रपट, गाणी व फलक यांत स्त्रीला उपभोग्य वस्तू म्हणून दाखवण्यास होणारा संघटित विरोध. ‘वस्तूकरण’ ही संज्ञा मराठीत १९७५ नंतरच्या स्त्रीमुक्ती चळवळीतून रुळली असावी. संकल्पनेचे मूळ काही अभ्यासक जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांच्या ‘माणसाला केवळ साधन मानू नये’ या विचारात शोधतात, काही १९६० नंतरच्या स्त्रीवादात. अमेरिकन तत्त्वज्ञ मार्था नसबॉम यांनी १९९५ मध्ये वस्तूकरणाची सात लक्षणे सांगितली: साधन म्हणून वापर, स्वायत्तता नाकारणे, निष्क्रिय मानणे, एकीच्या जागी दुसरी चालेल असे समजणे, इजा करण्यास मोकळीक, मालकी आणि भावना नाकारणे. तक्रारीच्या कामाला हीच मांडणी अधिक उपयोगी, कारण ती कपड्यांच्या लांबीपाशी अडत नाही. टायरच्या जाहिरातीत अंगभर साडी नेसलेली स्त्री नुसती शोभेला उभी केली, तर ते वस्तूकरण ठरते. स्तनपानाचे चित्र ठरत नाही.

स्त्रियांच्या असभ्य चित्रणास प्रतिबंध करणारा १९८६ चा कायदा २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू आहे. त्याच्या व्याख्येत स्त्रीची अवहेलना आणि सार्वजनिक नीतिमत्ता एकत्र गुंफली आहेत. स्त्रीवाद्यांचा आक्षेप यालाच, आणि तो रास्त आहे. पहिल्या दोषसिद्धीस २ वर्षांपर्यंत कारावास व २,००० रुपयांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र आहे. प्राचीन स्मारके व मंदिरांवरील शिल्पे वगळली असल्याने सिन्नरच्या गोंदेश्वराला कायदा लागत नाही. चित्रपटही वगळलेले आहेत, मात्र ही सूट चित्रपटापुरती आहे. भिंतीवरचे पोस्टर ही जाहिरातच.

नाशिकमध्ये द्वारका किंवा कॉलेज रोडवरील फलकाची तक्रार नुसती महापालिकेकडे केली तर ती बहुधा भरकटते. महापालिका अधिनियमाच्या कलम २४४ व २४५ खालील परवानगीचा भर जागा, आकार व सांगाडा यांवर असतो. फलक विनापरवाना असेल तर विभागीय कार्यालय तो उतरवू शकते. मजकुराबाबत पोलीस ठाण्यातच अर्ज द्यावा लागतो. छायाचित्र कापलेले नसावे: पूर्ण फलक, आजूबाजूची खूण, जाहिरातदाराचे नाव, असल्यास परवाना क्रमांक आणि तारीख हवी. फलक लवकर बदलतात, म्हणून छायाचित्र आधी, अर्ज नंतर. अर्जात ‘संस्कृती बुडते’ असे लिहिले की मुद्दा अश्लीलतेकडे वळतो आणि स्त्रीची अवहेलना बाजूला पडते. चित्रात स्त्रीचे काय केले आहे, तेच लिहावे. फलकाला काळे फासल्यास तक्रारदारच आरोपी होतो.

जाहिरात मानक परिषदेकडे (एएससीआय, जाहिरात व्यवसायाची स्वनियमन संस्था, स्थापना १९८५) वेगळी तक्रार करता येते. तिची संहिता केबल दूरचित्रवाणी नियमांद्वारे दूरचित्रवाणी जाहिरातींना बंधनकारक आहे. मिरवणुकीतील डीजेवरच्या गाण्यांना १९८६ चा कायदा लागत नाही, कारण तो चित्रणापुरता आहे. तेथे भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ पाहावे, ज्यात ३ महिन्यांपर्यंत कारावास आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमे १९८६ च्या कायद्याखाली आणणारे विधेयक २०१२ मध्ये राज्यसभेत मांडले गेले व २०२१ मध्ये मागे घेतले गेले. रीलसाठी सध्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ वापरले जाते, तेही अश्लीलतेपुरतेच.