चौकोन तीनच रेघांत: चिनी अक्षरांचा रेघक्रम

चिनी लिपीत ‘तोंड’ या अर्थाचे अक्षर, खोउ, म्हणजे एक रिकामा चौकोन. बाजू चार, पण रेघा तीनच. आधी डावी बाजू वरून खाली. मग तिच्या वरच्या टोकाशी पेन टेकवून वरची बाजू उजवीकडे ओढायची आणि कोपऱ्यावर पेन न उचलता तसेच खाली वळायचे. या दोन बाजू मिळून एकच रेघ. शेवटी तळाची आडवी रेघ, डावीकडून उजवीकडे. नवशिके इथेच चुकतात. कुणी एका दमात गोल फिरवून चौकोन पुरा करतो, कुणी भूमितीच्या वहीतल्यासारख्या चार बाजू आखतो. आकार जवळजवळ तसाच दिसतो, म्हणून चूक लवकर ध्यानातही येत नाही.

ती उघडी पडते भराभर लिहिताना. अशा वेळी पेन पूर्ण उचलले जात नाही आणि एक रेघ संपवून दुसरी सुरू करायला ते ज्या वाटेने जाते, ती वाट कागदावर उमटते. चिनी वाचकाला या जोडरेघा ओळखीच्या असतात. क्रम बदलला की त्या भलत्याच दिशेला जातात आणि अक्षर लागेनासे होते.

मोबाइलवरच्या पाच कळांच्या पद्धतीत तर सगळा हिशेबच क्रमाचा आहे: १ म्हणजे आडवी रेघ, २ उभी, ३ डावीकडे उतरणारी तिरकी, ४ ठिपका किंवा उजवीकडे उतरणारी तिरकी, ५ मोड असलेली कोणतीही रेघ. ‘राजा’ या अर्थाच्या वांग अक्षरात तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी असते. त्यासाठी १-१-२-१ दाबायचे; १-२-१-१ दाबून ते सापडणार नाही.

मूळ नियम थोडे आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आडवी आणि उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. ‘माणूस’ या अक्षरात दोनच तिरक्या रेघा आहेत, त्यांत डावीकडे उतरणारी आधी.

चौकटीच्या अक्षरांचा नियम चिनी शाळांत असा सांगतात: आधी माणसे आत येऊ द्या, मग दार लावा. ‘देश’ या अर्थाच्या, चीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या सोप्या केलेल्या (सरलीकृत) लिपीतल्या आठ रेघांच्या अक्षरात चौकटीच्या तीन बाजू दोन रेघांत होतात, मग आतले ‘जेड’ या रत्नाचे अक्षर पाच रेघांत, आणि तळाची रेघ सर्वांत शेवटी. तळ उघडा असला की आतल्या अक्षराला किती जागा लागली ते पाहून तो बंद करता येतो. आधीच बंद केला तर आतल्या पाच रेघा चेंगरतात किंवा चौकटीला चिकटतात.

खरी अडचण अपवादांची. ‘लहान’ आणि ‘पाणी’ या अक्षरांत मधली उभी रेघ आधी, दोन्ही बाजू नंतर. ‘आग’ तशीच दिसते, पण तिथे दोन्ही बाजूंच्या छोट्या रेघा आधी आणि मधला ‘माणूस’ शेवटी. डावीकडून तळाशी पसरणारे घटकही, म्हणजे अक्षराचे तसे भाग, असेच फसवतात. ‘हे’ या अर्थाच्या अक्षरात असा तीन रेघांचा घटक शेवटी येतो; ‘उठणे’ या अक्षरात मात्र सात रेघांचा ‘चालणे’ आधी पुरा करायचा. सहसा, तळाशी पसरणारा घटक स्वतःच पूर्ण अक्षर असेल तर तो आधी.

मराठी हाताला एक खास सवय मोडावी लागते. आपण अक्षरे लिहून शिरोरेषा मागाहून देतो. ‘खाली’ किंवा ‘नाही’ या चिनी अक्षरांच्या माथ्यावर आडवी रेघ असते, ती पहिली.

सराव चौकटींच्या वहीत करावा. प्रत्येक घरात मधोमध एक उभी आणि एक आडवी पुसट रेघ असते, तिच्यामुळे प्रमाण सांभाळता येते. आधी प्रत्येक रेघेचे नाव घेत बोटाने हवेत अक्षर काढावे, मग नमुना पाहून तीन-चार वेळा लिहावे आणि लगेच नमुना झाकून एकदा. शेवटची पायरी गाळू नये, खरी परीक्षा तिथेच होते. अक्षर आठवत नसले की चिनी आणि जपानी माणसे बोट हवेत किंवा तळहातावर फिरवतात. त्यांच्या स्मरणात अक्षराच्या चित्राइतकीच ही हालचालही असते. म्हणून पानभर आधी डावा अर्धा भाग आणि मग पानभर उजवा, हा गृहपाठ उरकण्याचा प्रकार निरुपयोगी आहे. त्यात पूर्ण अक्षराची हालचाल एकदाही घडत नाही.

क्रम सगळीकडे एकच नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. चीनने १९९७ मध्ये ७,००० अक्षरांचा क्रम ठरवून दिला. ८,१०५ अक्षरांचे नवे मानक १ मार्च २०२१ पासून लागू आहे. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची वेगळी पुस्तिका १९९६ची. जपानमध्ये तोच ‘राजा’ लिहिताना उभी रेघ दुसरी येते, चीनमध्ये तिसरी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. गोंधळ होतो तो पुस्तक चिनी आणि अ‍ॅप जपानी असले की. त्यामुळे रेघक्रम दाखवणारे अ‍ॅप घेताना ते कोणत्या देशाचे मानक पाळते, हे ‘राजा’ काढून पाहावे.