शेपटीच्या आत डोकावताना

कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधलं आणि २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: हे उडेल का? प्रश्न रास्तच. पण घरी बांधलेल्या विमानांविषयी वाचायला लागल्यापासून मला वेगळाच प्रश्न छळतो. हजार तास उडून झाल्यावर अशा विमानाच्या शेपटीच्या आत काय चाललेलं असेल?

अमेरिकेत लोक सुटे भाग मागवून गॅरेजमध्ये विमान जोडतात आणि स्वतःच उडवतात. त्यांत व्हॅन्स कंपनीची आरव्ही विमानं फार लोकप्रिय आहेत. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने आरव्ही-६, ७ आणि ८ च्या मालकांना सूचना धाडली. काही विमानांत आडव्या शेपटीच्या पुढच्या स्पारला भेगा सापडल्या होत्या. स्पार म्हणजे शेपटीच्या पोटातून आडवी जाणारी तुळई. बाहेरून सगळं झकपक, रंग शाबूत. भेग मात्र आवरणाच्या आड.

"एवढा भार पेलला ना, मग कायमचा पेलेल," असं आपण धरून चालतो. धातूचं तसं नसतं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत आउगुस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की एका फटक्यात मोडायला लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी कमी भार पुन्हापुन्हा दिला तरी लोखंड मोडतं. पोलादाला निदान एक मर्यादा असते. त्याखालचा भार ते जवळपास अमर्याद वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला तशी ठाम मर्यादा नाही. आता हिशेब करा. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेतो, म्हणजे त्याने मागे फेकलेली हवा शेपटीला मिनिटाला ४८०० ठोके देऊ शकते. हजार तासांत ते होतात २८ कोटी ८० लाख! बहुतेक ठोके अगदी हलके असतात, पण त्यांत वाऱ्याचे झोके आणि उतरतानाचे हिसके मिळवा.

भेग नेमकी कुठे उगवते? कापडाच्या दुकानात बघा. दुकानदार काठाला कात्रीने बोटभरही नाही एवढा छेद देतो आणि दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडतो. छेदाच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो, म्हणून. पत्र्यात रिव्हेटसाठी, म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणाऱ्या खिळ्यासाठी, गोल भोक पाडलं, की भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. १९१३ साली चार्ल्स इंग्लिस यांनी लंबगोल भोकाचं सूत्र मांडलं: लांबी भागिले रुंदी, त्याची दुप्पट, अधिक एक. गोल भोकाला लांबी-रुंदी सारखीच, म्हणून ३. ताणाला आडवी, रुंदीच्या दहापट लांब चीर असेल तर २१ पट! ड्रिल मारल्यावर भोकाची कड साफ न करता सोडली, पत्रा वाकवताना कोपऱ्यात ओरखडा राहिला, की भेगेला आयती जागा मिळते.

पुढचं गणित मला सर्वांत आवडतं. १९६० च्या दशकात पॉल पॅरिस यांनी दाखवलं, की भेगेच्या टोकाशी ताणाची तीव्रता जितकी बदलते, तिच्या ठरावीक घातात भेग दर हेलकाव्याला वाढते. ॲल्युमिनियमसाठी तो घात साधारण ३ आहे. तीव्रता भेगेच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. म्हणजे भेग चौपट लांब झाली, की तीव्रता दुप्पट आणि वाढीचा वेग आठपट. भेगेचं बहुतेक आयुष्य ती बारीक असतानाच सरतं, आणि शोधायची तीही तेव्हाच.

दसऱ्याला यंत्राची पूजा जरूर करावी. पण चाकाखाली लिंबू ठेवल्याने रिव्हेटपाशी एकवटलेला ताण तसूभरही कमी होत नाही, आणि मोबाईलला जोडायचा स्वस्त कॅमेरा भोकातून आत घातला म्हणजे तपासणी झाली, असंही नाही.

खरं काम चिकाटीचं आहे. शेपटीच्या मुळाशी असलेलं आवरण काढायचं, मळ पुसायचा, छोटा आरसा आत धरून बॅटरीचा उजेड तिरपा पाडायचा आणि दहापट भिंगातून रिव्हेट न् रिव्हेट बघायचं. रिव्हेटभोवती काळपट, धुरकट ओघळ दिसला तर ते हलतंय, पत्र्यावर घासून काळी भुकटी पडतेय. केसासारखी रेघ दिसली, की ती रंगाची की धातूची? रंग काढल्याशिवाय सांगता येत नाही. टोकदार सुईने खरवडून तर मुळीच बघू नये. तो नवा ओरखडा होतो. शिसपेन्सिलीनेही खूण करू नये, कारण तिच्यातलं ग्रॅफाइट ओलाव्यात ॲल्युमिनियमला गंजवतं.

संशय उरला तर लाल रंगद्रव्य. स्वच्छ पृष्ठभागावर ते लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. केशाकर्षणाने ते भेगेत शिरतं. मग वरवरचं फडक्याने पुसायचं. पुसायचं द्रावण थेट पत्र्यावर फवारलं तर भेगेतला रंगही धुऊन जातो. वर पांढरी पूड फवारली, की भेगेतला लाल रंग हळूहळू वर झिरपतो आणि पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते. भेग दुसऱ्या पत्र्याखाली दडली असेल, तर हा उपाय चालत नाही. तिथे विजेच्या भोवरी प्रवाहाने तपासणारं यंत्र लागतं.

भेग सापडली, की तिच्या टोकाला अनेकदा छोटं गोल भोक पाडतात. भेग थांबवायला भोक पाडायचं, हे ऐकून आधी नवल वाटतं, पण इंग्लिस यांचं सूत्र आठवा: टोक बोथट झालं की तिथे एकवटणारा ताण बराच उतरतो. तेवढ्यावर मात्र कोणी उडत नाही. वरून जोडपत्रा रिव्हेटने बसवला जातो, आणि पुढच्या वर्षी तिथे पुन्हा आरसा धरला जातो.