गाठ अख्खी का काढतात?

सुईने ओढलेल्या थोड्याशा पेशींवरून टी-सेल लिम्फोमाचं, म्हणजे टी पेशींच्या कर्करोगाचं, निदान करायला अनुभवी पॅथॉलॉजिस्टही कचरतात. त्यांना शक्यतो अख्खी गाठ हवी असते. टी पेशी ही आपल्याच प्रतिकारशक्तीतली पांढरी पेशी. ती बिघडली तरी एकेकटी पाहिल्यावर संसर्गाशी लढणाऱ्या निरोगी पेशीसारखीच दिसू शकते. फरक कळतो तो गाठीच्या घडणीतून. या कर्करोगाच्या अँजिओइम्युनोब्लास्टिक नावाच्या प्रकारात लसिका ग्रंथीची मूळ रचना विस्कटते, बारीक रक्तवाहिन्यांना फांद्या फुटतात आणि निरोगी पेशींच्या गर्दीत रोगट पेशी मूठभरच असतात.

मग काचपट्टीवर प्रथिनांचा शोध सुरू होतो. जिथे प्रथिन सापडतं तिथे तपकिरी रंग उमटतो. टी पेशीची ओळख असलेलं सीडी३ हे प्रथिन उमटलं, पण निरोगी टी पेशीवर सहसा असणारं सीडी७ गायब, तर संशय बळावतो. शिवाय निरोगी टी पेशींची रिसेप्टर-जनुकं (शत्रू ओळखणाऱ्या प्रथिनाची जनुकं) वेगवेगळ्या तऱ्हेने जुळलेली असतात. बहुतेक पेशींत एकच जुळणी आढळली, तर त्या एकाच पेशीची पिलावळ असाव्यात. एवढ्यावर मात्र कर्करोग ठरत नाही. सगळे दुवे जुळावे लागतात.

म्हणूनच एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. बरी न होणारी गाठ, ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, घटणारं वजन, अशा वेळी बायोप्सीआधीच स्टिरॉइड घेतलं तर गाठ तात्पुरती ओसरते आणि नमुना फसवा निघू शकतो.

त्वचेवरचा मायकोसिस फंगॉइडिस हा टी-सेल लिम्फोमा तर वर्षानुवर्षं इसब म्हणून मलमं लावून घेतो. १८०६ साली फ्रेंच डॉक्टर अलिबेर यांनी तो नोंदवला. नावात बुरशी असली तरी बुरशीशी त्याचा संबंध नाही. नितंब, मांड्या अशा ऊन न लागणाऱ्या जागी चट्टे येतात आणि पहिल्या बायोप्सीत काही सापडेलच असं नाही. पुन्हा करावी लागते. लवकर ओळखला तर मलमं आणि अतिनील किरणांवर अनेकजण दीर्घकाळ चांगले राहतात.

ग्रंथींमधल्या प्रकारांना सहसा ‘चॉप’ ही चार औषधांची केमोथेरपी, बहुधा तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींच्या लिम्फोमाचं चित्र पालटणारं रितुक्सिमॅब हे औषध इथे उपयोगी पडत नाही, कारण त्याचं लक्ष्य असलेलं सीडी२० हे प्रथिन बी पेशींवर असतं. मात्र रोगट पेशींवर सीडी३० हे प्रथिन असेल, तर ब्रेंटुक्सिमॅब हे औषध केमोचं विष थेट त्या पेशीत पोचवतं. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला पहिल्याच उपचारात केमोच्या जोडीने मान्यता मिळाली. नाकातल्या एनके/टी प्रकारात ‘चॉप’ कमी पडतं. तिथे ॲस्पॅराजिनेज या औषधावर आधारलेली केमो आणि रेडिएशन लागतं.

टी पेशींना घडवून कर्करोगाच्या पेशींवर सोडणारा कार-टी उपचार इथे अजून अडखळतो. बी पेशी सगळ्या संपल्या तरी बाहेरून अँटिबॉडी देऊन माणूस सावरतो. टी पेशी सगळ्या संपल्या, तर त्यांची जागा घेणारं काही बाहेरून देता येत नाही. शिवाय टी पेशींना मारायला घडवलेल्या पेशी स्वतःही टी पेशीच असतात, त्यामुळे त्या एकमेकींनाच मारू लागतात. आता लक्ष्याचं प्रथिन त्यांच्यावरून आधीच काढून टाकण्याचे प्रयोग चालू आहेत.