वजन जास्त, म्हणून गोळीही जास्त?

पायात रक्ताची गुठळी झालेल्यांना एक सल्ला कधीकधी मिळतो: वजन १२० किलोच्या वर असेल तर रक्त पातळ करणारी गोळी दीडपट घ्या.

असं वाटणं साहजिक आहे, कारण इंजेक्शनच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. एनॉक्सापॅरिन हे इंजेक्शन बहुधा दर १२ तासांनी किलोमागे १ मिलिग्रॅम देतात, तेही प्रत्यक्ष वजन करून. गोळ्यांचा हिशेब निराळा. अपिक्साबॅन ही गोळी पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. माणूस ६० किलोचा असो की १३० चा. वजन फारच असेल तर डॉक्टर औषध बदलतील किंवा रक्तातली पातळी तपासतील, तो निर्णय त्यांचा. वॉरफरिन या दुसऱ्या गोळीचा डोस तर आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या तपासणीच्या आकड्यावर, ठरतो. गुठळीसाठी तो सहसा २ ते ३ ठेवतात. (मेथी-पालक एकदम वाढवलं तरी हा आकडा हलतो!)

पडताळायला सोपं आहे. औषधाच्या माहितीपत्रकात डोसचा भाग वाचा: एनॉक्सापॅरिनच्या पत्रकात ‘प्रतिकिलो’ दिसेल, अपिक्साबॅनच्या प्रौढांसाठीच्या डोसात दिसणार नाही.

शिवाय ही औषधं गुठळी वाढू देत नाहीत एवढंच. ती विरघळवतं शरीर, आपल्या गतीने. जादा गोळीने वाढतो तो रक्तस्रावाचा धोका. हिरड्यांतून रक्त थांबेना किंवा शौचास डांबरासारखं काळं झालं, तर लगेच दवाखाना गाठा.