मराठवाड्यातले वाफेचे इंजिन आणि इथले जड पाणी

जुने वाफेचे इंजिन वाचवायला माणसे जमली की आधी रंगाची चर्चा होते. रंग शेवटी. पहिले काम बॉयलर आतून बघण्याचे.

मराठवाड्यात दोन लहान गेज (दोन रुळांमधले अंतर) आले. निजामाच्या राज्यातल्या मनमाड–सिकंदराबाद मीटरगेजची गाडी १९०० साली औरंगाबादला पोचली. पुढे जालना, परभणी, पूर्णा, नांदेड. दुसरी इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट, ७६२ मिलिमीटर नॅरोगेज. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी एवढीच असलेली ही लाइन १९११ मध्ये लातूरला आली. इंजिन असो वा वाघीण (मालडबा), एका आसावर ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे कॅलथ्रॉप यांचे सूत्र. त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवर भरलेल्या वाघिणी धावू शकल्या.

पाणी मात्र काळ्या पाषाणातल्या विहिरींचे, जड, म्हणजे क्षार जास्त असलेले. जड पाणी उकळले की क्षारांचा थर धरतो. फायरबॉक्सभोवतीच्या (कोळसा जळतो त्या पेटीभोवतीच्या) पाण्याच्या अरुंद पोकळीत तो स्टेबोल्टांच्या, म्हणजे आतला आणि बाहेरचा पत्रा जोडून धरणाऱ्या बोल्टांच्या, मधे घट्ट बसतो. पाणी पत्र्याला भिडत नाही, पत्रा तापून दोन बोल्टांमध्ये फुगतो. म्हणून शेडमध्ये ठरलेल्या मुदतीने बॉयलर थंड करून, बूच काढून, सळई आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचे. इंजिन बंद पडले की हे काम थांबते, थर मात्र तसाच राहतो.

आधी सगळे बूच उघडून तळाचा गाळ काढावा. बॉयलरवरच्या जुन्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकते. ते जाणकारांकडूनच काढून घ्यावे. मग पत्र्याची जाडी मोजावी, नळ्या बदलाव्यात. स्टेबोल्टाच्या टोकाला मुद्दाम पाडलेले बारीक छिद्र असते. तिथून पाणी झिरपले तर बोल्ट आत तुटलेला आहे. चाचणी पाण्यानेच, सगळी हवा बाहेर काढून, नेहमीच्या दाबाच्या दीडपट. दाबलेल्या हवेने चाचणी कधीही करू नये. बॉयलर फुटला तर माणूस जातो.

मनमाड–औरंगाबाद १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाली, लातूर–कुर्डुवाडी २००७-०८ मध्ये. लाइन बदलली की शेड, पाण्याचे खांब, टोकनचे गोळे (एकेरी लाइनवर गाडी पुढे नेण्याची परवानगी म्हणून चालकाला द्यायचे), सिग्नलचे दिवे भंगारात जातात. संग्रहालय उभारणाऱ्यांनी इंजिनाइतकीच धावपळ यांच्यासाठी करावी. इंजिन अवजड म्हणून निदान जागेवर राहते, दिवा आणि गोळा कुणीही उचलून नेतो.

इंजिन नुसतेच उभे करायचे असेल तर बॉयलर पूर्ण कोरडा करावा, स्मोकबॉक्समधली (चिमणीखालच्या धुराच्या पेटीतली) राख खरवडून काढावी आणि चिमणीवर झाकण घालावे. पावसाचे पाणी त्या राखेत मुरले की आम्ल तयार होते आणि तळाचा पत्रा आधी जातो.