दत्तक कुत्रा घरी आणताना : पैसे कुठे वाचवावेत, कुठे वाचवू नयेत

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर भागांतून आमच्या पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात येणारी बरीच मंडळी विचारतात, "मुलांनी हट्ट धरलाय, पण जातिवंत पिल्लाला एवढे पैसे कुठून आणायचे? आश्रयगृहातला देशी कुत्रा आणला तर चालेल का?"

चालेल, आणि उत्तम चालेल. देशी कुत्र्याला माळव्याचं ऊन सोसतं. केस आखूड, त्यामुळे निगा थोडी. वजन बहुतेक १५-२० किलोच्या आसपास, म्हणजे खाणंही बेताचं. कुत्रा फुकट मिळतो हे खरं, पण पुढचा खर्च किती येईल ते तुम्ही कोणत्या वयाचा कुत्रा निवडता यावर ठरतं.

सगळ्यांना पिल्लूच हवं असतं. आमचा सल्ला मात्र स्पष्ट आहे : पहिल्यांदाच कुत्रा पाळत असाल तर दीड-दोन वर्षांचा, नसबंदी झालेला घ्या. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून एकत्रित लस सुरू करावी लागते, मग सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, मधेमधे जंताचं औषध, आणि वर्षभरात नसबंदी. खाजगी दवाखान्यात नसबंदीलाच काही हजार रुपये लागतात. शिवाय चपला कुरतडणं आणि रात्रीचं रडणं आहेच. मोठ्या कुत्र्याचं यातलं बरंचसं होऊन गेलेलं असतं, आणि त्याचा स्वभावही आधीच कळतो.

नसबंदी झालीय हे कसं ओळखायचं? कान पाहा. सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून, त्यांना होते तिथेच परत सोडतात. खूण म्हणून एका कानाच्या कडेला छोटी खाच देतात. पण त्या खाचेवरून लस कधी टोचली ते कळत नाही, आणि रेबीजची लस दरवर्षी लागते. म्हणून आश्रयगृहातून लसीचं पुस्तक मागून घ्याच. एक विनंती : गल्लीत सुखाने राहणारा, चार घरांचा लाडका कुत्रा उचलून फ्लॅटमध्ये कोंडू नका. ज्याला ठिकाण नाही, असा आणा.

बघायला सगळं घर जा. आजी-आजोबांना आवर्जून न्या, कारण दिवसभर त्याच्याबरोबर तेच असणार. एका भेटीत हो म्हणू नका. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा जा आणि त्याला थोडं फिरवून बघा.

लस, जंताचं औषध आणि गोचिडांचं औषध या तीन गोष्टींत काटकसर नको. तुमच्या घरी आधी एखादं पिल्लू पार्वो या विषाणूच्या आजाराने गेलं असेल तर बिनलसीचं पिल्लू अजिबात आणू नका. हा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. गोचीड तर पावसाळ्यात ठरलेलाच. रोज फिरून आल्यावर कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली हात फिरवा. मुगाएवढा टणक दाणा लागला तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल लावू नका, बोटांनी चिरडू नका. कुत्रा खाईनासा झाला, अंग तापलं, हिरड्या फिक्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही जनावरांवर उपचार होतात, ते लक्षात असू द्या.

वाचवायचं ते सजावटीत. मऊ बिछान्याऐवजी जुनी सतरंजी पुरते. कपडे, अत्तर, रंगीत भांडी आमच्याकडे आहेत, पण लागत नाहीत. खाण्यात साधं फीड आणि घरचं अन्न मिळून द्या : भात, उकडलेलं अंडं किंवा चिकन, बिनमिठाचं वरण. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रा पोसला जात नाही, आणि दूध पुष्कळांना पचतही नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं कधीच नकोत. म्हणजे सकाळचे कांदेपोहेही नाहीत, आणि वरची शेवही नाही.

पट्टा मात्र चांगला घ्या. नवा कुत्रा घाबरला की मागे सरकून गळ्यातल्या पट्ट्यातून निसटतो, म्हणून पहिले काही महिने छातीचा पट्टाही लावा. दिवाळीच्या आठवड्यात किंवा राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या रंगपंचमीच्या सुमारास कुत्रा आणू नका. पहिले दोन-तीन दिवस तो पलंगाखाली बसेल, कदाचित जेवणारही नाही. ओढून बाहेर काढू नका, पाहुणे बोलावू नका. जेवताना किंवा झोपलेला असताना मुलांनी त्याला हात लावायचा नाही. तरीही दात किंवा नख लागलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा, घरचा कुत्रा असला तरी.

फिरवताना पिशवी बरोबर ठेवा. २०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत पहिलं येत आलंय, तेव्हा कुत्र्याने केलेली घाण आपणच उचलायची. नोंदणीची चौकशी नगर निगमच्या झोन कार्यालयात करा.

कुत्रा आणल्यावर एकदा त्याला दुकानात घेऊन या. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटं जातील असं माप आम्ही बसवून देतो, गोचीडही तपासतो; त्याचे पैसे घेत नाही. येताना लसीचं पुस्तक विसरू नका. पुढची तारीख आमच्या वहीत लिहून ठेवू आणि आठवडाभर आधी फोन करू.