शाळेच्या खर्चात मुलांचं मत: कोल्हापूर जिल्ह्यात प्रस्ताव कसा द्यायचा आणि तो नेमका कुठं अडतो

शाळेच्या पैशांतला काही भाग कशावर खर्चायचा हे मुलांनी मतदानानं ठरवायचं, असा उपक्रम करू इच्छिणारे शिक्षक आणि गावातली तरुण मुलं पहिला प्रश्न हमखास विचारतात: अर्ज कुठं मिळतो? छापील अर्ज नाही. पोर्तुगालमध्ये २०१७ पासून सरकारी शाळांसाठी याचे नियमच आहेत. दर विद्यार्थ्यामागे एक युरो, शाळा लहान असली तरी किमान पाचशे युरो, प्रस्तावाला पाच टक्के विद्यार्थ्यांचा पाठिंबा आणि २४ मार्चला मतदान. आपल्याकडे पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते, पण ते प्रभागांपुरतं. शाळेसाठी आपल्याला शाळा व्यवस्थापन समितीच्या दारातूनच जावं लागतं. समितीचा ठराव हाच तुमचा अर्ज.

आधी रक्कम, मग मतदान

सगळ्यात जास्त मुलं इथं दुखावली जातात. मतदान थाटात होतं, मुलं संगणक कक्ष निवडतात आणि नंतर कळतं की पैसेच नाहीत. म्हणून मुख्याध्यापकांकडून रक्कम लेखी घेतल्याशिवाय मतपत्रिका छापू नका.

जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांना समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याची मर्यादा पटावर ठरते: ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख रुपये. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करणं बंधनकारक आहे. वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, शैक्षणिक साहित्यही यातूनच. हे सगळं वजा करून उरेल तेवढंच मुलांच्या हाती द्या. पाच हजार उरले तरी चालतील, पण ते खरोखर उरलेले असावेत. पट यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, भरलेला धरला जातो, हजेरीपटावरचा नाही. दोन आकड्यांत फरक असेल तर आधी तो मिटवा.

कोणती शाळा पात्र

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला हव्यात. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत हीच समिती शाळा विकास आराखडा करते. अनुदानित खासगी शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती फक्त सल्ला देऊ शकते. तिथं समितीचा ठराव कितीही सुबक असला तरी संस्थेच्या मंजुरीच्या पत्राशिवाय कागद पुढं सरकत नाही. कोल्हापुरात माध्यमिक शाळा बहुतेक संस्थांच्याच आहेत, तेव्हा हायस्कूलच्या मुलांनी आधी संस्थेच्या सचिवांना भेटावं. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागूच नाही.

तारखेची गफलत

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, पैशांचं एप्रिलमध्ये. बरेच जण 'वर्ष संपण्याआधी' म्हणजे उन्हाळी सुट्टीआधी असं धरतात आणि एप्रिलमध्ये कागद घेऊन जातात. तोवर ३१ मार्च उलटलेला असतो. समितीचा शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार असावा, असं केंद्राचे नमुना नियम सांगतात. म्हणजे डिसेंबरअखेर.

माझा सल्ला, मतदान गौरी-गणपती झाल्यावर लगेच उरका. त्याआधी पूरपट्ट्यात शाळा बंद पडतात. दिवाळीनंतर उसाचा हंगाम लागला की पालक सदस्य रानात असतात, बैठकीची गणपूर्ती होत नाही आणि गणपूर्ती नसलेल्या बैठकीचा ठराव तपासणीत टिकत नाही.

ठरावाची भाषा

'विद्यार्थ्यांनी वाचनालयाची मागणी केली, समितीने आनंद व्यक्त केला.' असे ठराव मी खूप पाहिलेत. यातून एक रुपयाही खर्ची पडत नाही. ठरावात कामाचं नाव, कमाल रक्कम, कोणत्या निधीतून, सूचक, अनुमोदक आणि 'खर्चास मंजुरी देण्यात येत आहे' हे शब्द हवेतच. मतमोजणीचा तक्ता सोबत जोडा. कायद्यानं निर्णय समितीचा असतो, मुलांचं मत हा त्या निर्णयाचा आधार, आणि तसंच लिहा. समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. त्यांना त्या बैठकीला बोलावून त्यांची उपस्थिती नोंदवा.

कुणाकडेच नसलेला कागद

बांधकाम म्हटलं की जागेचा पुरावा मागतात. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं त्या संस्थानातल्या या शाळा. कितीतरी जागा कुणीतरी तोंडी शब्दावर दिलेल्या, बक्षीसपत्र नोंदलेलंच नाही. त्यात २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ, करवीरकडची दप्तरं भिजली. सातबारा शाळेच्या नावावर नसेल, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि सरपंचांचं पत्र घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना आधी विचारा. शहरात मिळकत पत्रिका मागतात. दोन-तीन महिने त्यातच जातात, आणि एवढ्यात मुलांचा उत्साह ओसरतो. वर्षानुवर्षं जिथं शाळा भरते तिथं ती शाळाच आहे, हे पटायला कार्यालयांना इतका वेळ का लागतो, कळत नाही. पहिल्या वर्षी पुस्तकं, खेळाचं साहित्य, नळ आणि शौचालय दुरुस्ती अशीच कामं मतपत्रिकेवर ठेवा. त्यांना जागेचा कागद लागत नाही.

बाकी जोडपत्रं सोपी: ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, इतिवृत्त, तीन दरपत्रकं, जागेचा फोटो. दुरुस्ती मोठी असेल तर कनिष्ठ अभियंत्याचं अंदाजपत्रक. मुलांचे आधार जोडू नका. ते कुठल्याच नियमात लागत नाहीत, आणि लहान मुलांचे कागद कार्यालयात फिरू देऊ नयेत.

ग्रामपंचायतीचा रस्ता

अनुदान कमी पडलं तर मुलांची मागणी बालसभेतून, म्हणजे गावातल्या मुलांच्या सभेतून, ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालता येते. महिला-बालकल्याणासाठी राखलेला १० टक्के निधीही विचारा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत अर्ज देणाऱ्यांना बहुधा 'पुढच्या वर्षी बघू' ऐकावं लागतं, कारण तोवर आराखडा बराचसा ठरलेला असतो. २ ऑक्टोबरची ग्रामसभा धरा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) बालसभा इतिवृत्तात नोंदवली का, ते त्याच दिवशी वाचून घ्या.

कागद केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत जातो, महापालिका शाळांचा प्राथमिक शिक्षण समितीकडं. दोन्हीकडं आवक क्रमांकासह पोच घ्या. नकार आला तर कारण लेखी मागा आणि तोच ठराव त्रुटी भरून पुन्हा द्या. नवं मतदान लागत नाही. मुलांना मात्र काय झालं ते फलकावर लिहून कळवा, नकार आला असला तरी.